निरोपाच्या जेवणाला मी रत्नागिरीला गेले

रत्नागिरीला जाऊन आले म्हटलं की आमच्या नगरात पहिला प्रश्न येतो, "आंबे आणले का?" नाही आणले. देणारे देत होते, पण त्या घरचे आंबे घ्यायला मला तोंड उरलं नव्हतं. एप्रिलमधल्या त्या चार दिवसांबद्दल मी कोणाशी नीट बोललेले नाही. आता लिहून काढते.

मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चमधून मला एक काम आलं. परदेशातून सेवेसाठी येणारी तरुण मुलं आधी तीन महिने माझ्या घरी मराठी शिकायची आणि मग पुढे आपापल्या गावी जायची. दोन वर्षांपूर्वी अशीच नॉर्वेहून दोघं आली. योनास बावीस वर्षांचा, सुतारकाम शिकलेला. मुलगी चोवीस वर्षांची, लहान मुलांच्या हातापायांचे व्यायाम घेण्याचं शिक्षण झालेली. तिचं नाव मारेन. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंना तिने हात जोडून सांगितलं, "मी मारेन." काकू घाबरून म्हणाल्या, "कोणाला गं?" त्या प्रश्नाचा अर्थ कळायला तिला दीड महिना लागला. कळला तेव्हा ती माझ्या ओट्याला टेकून पोट धरून हसली.

तीन महिन्यांनी दोघांना रत्नागिरीला पाठवलं. शहरापासून राजापूरच्या बाजूला तासाभरावर, खाडीकाठच्या एका गावात, ज्यांचे हातपाय नीट चालत नाहीत अशा मुलांसाठी मिशनने एक छोटं केंद्र उघडलं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कोकणात गेल्यावर मारेनची मैना झाली आणि योनासचा जनू. दोन वर्षं संपत आली तेव्हा तिचा फोन आला, "बाई, आमच्या निरोपाच्या जेवणाला या. तुम्ही नाही आलात तर आमचं मराठी तपासणार कोण?"

शुक्रवार

आंबा घाट उतरलं की हवा अंगाला चिकटायला लागते हे ऐकलं होतं. चिकटली. त्यात पिशवीतला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडला आणि रत्नागिरीच्या स्टँडवर मी उतरले ती निम्मी साडी लाल करून. समोरून उन्हाने तांबूस झालेला एक उंच मुलगा ओरडला, "ओ बाय, हकडं, हकडं! काय ओ ता साडीला?"

तो योनास. तीन महिने घासून घेतलेलं माझं शुद्ध मराठी खाडीत कधीच वाहून गेलं होतं. शब्द तर बदललेच होते, पण वाक्याच्या शेवटी सूर लांबवून वर नेण्याची इथली लकबही त्याने उचलली होती. मला राग यायला हवा होता, पण कौतुक वाटलं.

माझी राहायची सोय सुलभाच्या घरी होती. जांभ्या दगडाचं घर, पुढे सारवलेलं खळं, मागे काजूची झाडं. घरात सुलभा, तिची सासू आणि नऊ वर्षांची मधुरा. नवरा सुरेश लोट्याला रसायनांच्या कारखान्यात पाळीवर, रविवारी घरी येणारा. सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं.

"तुमी पन त्या मैनाच्याच धर्मातल्या?"

"हो."

"मासं खाता ना?"

"खाते की."

"मग झाला तर," म्हणाल्या आणि माझी साडी भिजवायला घेऊन गेल्या.

जन्मताना मधुराच्या मेंदूला हवा कमी पडली होती. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. सात वर्षांची होईपर्यंत सुलभाने तिला कडेवर वागवलं. केंद्र उघडलं तेव्हा "पोर बाटवशील" म्हणून गावातल्या काहींनी सुलभाला हटकलं होतं. तिचं उत्तर मला योनासने तिच्याच सुरात ऐकवलं : "माजी बाय उबी ऱ्हायली तर तुमच्या देवाला काय अडचन हाय?" सगळ्यात आधी मुलीला घेऊन केंद्राची पायरी चढली ती सुलभा. तिच्यामागून आणखी नऊजण आले. दोन वर्षांत तिथे कोणी कोणाला बाटवलं नाही. मधुरा मात्र योनासने केलेल्या लाकडी दांड्या धरून उभी राहायला लागली.

चहा झाल्यावर मी केंद्रावर गेले. मारेनने निरोपाचं भाषण वहीच्या दोन पानांवर लिहून ठेवलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार-पाच चुका सोडल्या तर काही बोट ठेवण्यासारखं नव्हतं. मला अभिमान वाटत होता. शेवटून तिसरं वाक्य होतं : ‘जूनमध्ये नवीन ताई येतील.’

"कोण येणार आहे गं?" मी सहज विचारलं.

ती पेनचं टोपण लावत बसली. मग म्हणाली, "कोणी नाही, बाई."

"म्हणजे?"

"केंद्र बंद होणार आहे. मिशनच्या ऑफिसने आम्हाला जानेवारीत कळवलं. पण इथे सांगायचं नाही असं सांगितलं आहे. लोक चिडतील, गडबड होईल. आम्ही गेल्यावर पत्र येईल."

"मग हे वाक्य काढून टाक."

"काढलं तर ते विचारतील, नवीन ताई कधी येणार. मग मी काय सांगू?"

आवाज तिचा नेहमीसारखाच होता, पण पेनचं टोपण ती पुन्हा पुन्हा काढत-लावत होती. मला तिची दया आली. खरं सांगायचं तर दया तिची आली, त्या दहा मुलांची आली नाही. चर्चचं नाव खराब होईल हेही मनात आलं. आणि परवा जेवण आहे, ते तरी आनंदात होऊ दे, असं वाटलं.

मी पेन घेतलं. ‘ताइ’ची ‘ताई’ केली. आणि त्या वाक्यात ‘बहुधा’ हा शब्द घातला. जूनमध्ये बहुधा नवीन ताई येतील. माझ्या मनाला तेवढं पुरलं.

शनिवार

सकाळी सुलभाबरोबर खाडीवर मासे घ्यायला गेले. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला रोहू नाहीतर कटला, तोही बर्फातला. इथे बायका पाटीसमोर उकिडव्या बसून माशाचे कल्ले उचलून बघतात आणि नापसंत पडला तर विकणारीच्या तोंडावर सांगतात. सुलभाने सुरमई घेतली, तिसऱ्या म्हणजे शिंपल्याही घेतल्या. परतताना तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. टोकांची कातडी काळी पडून सोलवटली होती.

"हे काय झालं?"

"ओल्या काजूचा चीक. मैनाला उसळ लय आवडते. चार दिस फोडतेय."

ओले काजू बाजारात सोललेले मिळतात. पण आपल्या झाडाचे, आपल्या हाताने काढलेलेच तिला वाढायचे होते. खोबरेल लावलं तरी चीक जाळतोच, असं ती हसत हसत सांगत होती.

घरी आल्यावर तिने मला मधुराचं चालणं दाखवलं. खळ्यात बांबू बांधून तशाच दांड्या केल्या होत्या. मधुराने दोन्ही हातांनी बांबू धरले, ओठ दाताखाली घेतला आणि एक एक पाय ओढून पुढे टाकला. अकरा पावलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "काल धाच झाली." सासूबाईंनी तिच्यावरून बोटं मोडली.

तेवढ्यात सुलभाचा फोन वाजला. लोट्याहून सुरेश होता. बोलणं संपेना. मग तिने फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे वळून सगळं सांगितलं.

कारखान्याजवळच्या वसाहतीत सुरेशला बिऱ्हाडासाठी खोली मिळत होती. तिथून चिपळूण जवळ. चिपळूणच्या एका दवाखान्यात असेच व्यायाम शिकवतात, पण गावाहून तिथे रोज जाणं कसं जमणार? म्हणून खोलीचा विचार चालला होता. पण सासूबाईंना घर सोडवत नव्हतं आणि मधुराला मैनाच्या हाताची सवय झाली होती. आता खोलीसाठी दुसरा माणूस दारात उभा होता. बारा वाजेपर्यंत हो की नाही सांगायचं होतं.

"बाई, तुमी त्यांच्यातल्या. तुमाला आतलं ठावक असंल," सुलभा म्हणाली. "जूनात नवीन ताई येतील ना? खरा सांगा. येनार असतील तर आमी हतंच ऱ्हातो."

मी काय उत्तर दिलं ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "येतील असं म्हणतायत."

तिने फोन कानाला लावला. "नको म्हनून सांगा त्यांना. बाई सांगतायत, येतील."

मी उठून केंद्रावर गेले. दहा वाजून गेले होते. मारेन कपाटातली खेळणी खोक्यात भरत होती. मी तिला खोलीचं सांगितलं. म्हटलं, आत्ता चल आणि सुलभाला सांग. ती खाली बसून रडायला लागली. "जेवणानंतर सांगते बाई, नक्की सांगते. मी ऑफिसला शब्द दिला आहे." तिची समजूत काढत बसले. परतले तेव्हा सुलभा तिसऱ्या उकडत होती आणि सासूबाई सुरमईचे तुकडे मीठ-हळद लावून ठेवत होत्या. मीही पाट घेतला आणि खोबरं खवायला बसले. बारा वाजले, साडेबारा वाजले. मला बोलायला कोणीच अडवलं नव्हतं.

रविवार

खळ्यात नारळाच्या झापांचा मांडव घातला होता. सगळ्या मुलांचे आईबाप आले होते, मुलांना कडेवर, पाठीवर, दोन जणांना हातगाडीवर बसवून. सुरेश सकाळच्या गाडीने आला. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. आल्याबरोबर त्याने माझ्या पायांना हात लावला, "तुमी सांगितलात म्हनून निर्धास्त झालो."

केळीच्या पानांवर वाढलं होतं. कोंबडी आणि वडे, सुरमईचं सार, तिसऱ्यांचं सुकं, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, वाटीत सोलकढी. आमच्या नगरी जेवणात तिखट आधी लागतं आणि बाकीचं मागून. इथे आधी ओलं खोबरं लागतं, मग कोकमाचा आंबटपणा, आणि तिखट घशाशी पोचेपर्यंत माणूस पुढचा घास घेतो. योनास मांडी घालून वडा फाडत होता. त्याच्या देशात मासा नुसत्या मिठावर आणि लोण्यावर खातात, हे ऐकून बायका हळहळल्या.

"मग तू घरी जाऊन खानार काय रे, जनू?"

"उपाशी मरंन," तो म्हणाला. सगळे हसले.

त्यांच्याकडची आणखी एक रीत म्हणजे निरोपाची भाषणं जेवण संपायची वाट बघत नाहीत. जेवता जेवता मध्येच पेल्यावर चमचा वाजवून उठायचं आणि बोलायचं. मारेनने तसंच केलं. वडे संपत आले होते, भात यायचा होता. ती उभी राहिली आणि वहीतून वाचायला लागली. उच्चार स्वच्छ होते. मुलांची नावं एकेक करून घेतली. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. ‘जूनमध्ये बहुधा नवीन ताई येतील,’ हेही तिने वाचलं. माझा ‘बहुधा’ कोणाच्या लक्षातही आला नाही.

मग सुरेश उठला. त्याला बोलायची सवय नव्हती. म्हणाला, "मी काय बोलू? मला लोट्याला खोली मिळत व्हती. काल नाय सांगितला. म्हटला, हतं आमच्या पोरीची मानसं हायत, आनि पुढं पन येनार हायत. एवडाच." आणि तो बसला.

योनास खाणं थांबवून त्याच्याकडे बघत होता. खोलीचं त्याला माहीत नव्हतं. त्याने मारेनकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तो उभा राहिला, हाताला सार तसंच लागलेलं.

"नाय," तो म्हणाला. "कोन नाय येनार. केंद्र बंद होताय. मैनाला ठावक हाय, मला ठावक हाय. आमी खोटा बोललो."

एक बाप उठायला लागला. "मग आमची पोरा? आमच्या पोरांनी काय करायचा?" दुसऱ्याने पान पुढे सरकवलं. भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय ते आम्हा देशावरच्यांनाही कळतं. मांडवात सगळे एकदम बोलायला लागले. मारेन हुंदके देत होती.

"कोनी उटू नका," सुलभा म्हणाली. ती भाताचं पातेलं घेऊन घरातून बाहेर येत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "अन्न हाय. जेवून घ्या." ती पंगतीच्या टोकापासून भात वाढायला लागली. उठलेला माणूस पुन्हा बसला.

मारेनच्या पानाशी ती आली तेव्हा मारेनने तिचा हात धरला. सुलभाने तो हळूच सोडवला आणि तिला भात वाढला. मग माझ्यापाशी आली.

"बाई, तुमाला ठावक व्हता?"

"हो."

"कदीपासून?"

"परवापासून."

तिने भाताचं पातेलं खाली टेकवलं. मग मारेनकडे मान वळवून, पण आवाज माझ्यासाठी ठेवून म्हणाली, "ही पोर हाय. तिच्यावर सांगनारे हायत, तिला भ्या वाटला. तुमी तर मोट्या हाव. मी तुमाला इचारला."

तिने माझ्या पानावर भात वाढला, त्याला आळं केलं, पंगतीत ठेवलेलं साराचं पातेलं ओढून सार ओतलं, त्यात चमचा फिरवून सुरमईचा एक मोठा तुकडा शोधला आणि तो वर ठेवला. "खावा," म्हणाली.

मी खाल्लं. सगळं. तो भात कसा होता असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही.

सोमवार

योनास आणि मारेनची गाडी सकाळी गोव्याकडे निघाली. त्यांचं विमान तिथून होतं. निरोप द्यायला सासूबाई आणि दोन बायका, एवढ्याच. सासूबाईंनी योनासच्या पाठीवरून हात फिरवला. सुलभा विहिरीवर गेली होती ती गाडी जाईपर्यंत आली नाही. मारेन खिडकीतून मागे बघत राहिली. मला तिने हात केला की घराला, कळलं नाही.

मी सुरेशला म्हटलं, मी तुमच्याबरोबर लोट्याला येते, त्या माणसाला विनंती करते. तो नको म्हणाला नाही. निघताना सासूबाई आंब्यांची पेटी घेऊन आल्या. "घरी आलेल्या मानसाला रिकामा कसा धाडू?" मी त्यांच्या पाया पडले आणि पेटी तिथेच ठेवली.

लोटे येण्याआधी वास येतो. आंबट, औषधासारखा, पुढे पुढे घशात बसणारा. शिफ्ट सुटली होती आणि कंपनीच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. खोली शोधायला वेळ लागला नाही. दार उघडलं ते विदर्भातल्या एका तरुण कामगाराने. मागे त्याची गरोदर बायको उभी होती. दोन ट्रंका, गुंडाळलेली गादी, आणि कोनाड्यात मांडलेले देव, पुढे ताजी फुलं.

मी सगळं सांगितलं. मुलीचं, पायांचं, माझ्या चुकीचं. तो माणूस कळवळला. "पण बाई, काल देव मांडले हो. आता यांना घेऊन कुठे जाऊ?"

मी आणखी काही बोलणार होते. सुरेशने मला थांबवलं. "बरोबर हाय त्यांचा," म्हणाला आणि जिना उतरला.

नाक्यावर आम्ही चहा घेतला. त्याला पाळीवर जायचं होतं. त्याने चहाचे दोन घोट घेतले. मग म्हणाला, "काल तुमाला जेवताना बघत व्हतो. तुमच्या जागी मी असतो, तर उटून गेलो असतो."

"मलाही उठावंसं वाटलं."

"मग का नाय उटलात?"

मी चहाचे पैसे द्यायला पर्स उघडली. त्याने चहा संपवला. "यष्टी तिकडं लागते," म्हणाला आणि बोटाने स्टॉप दाखवून कारखान्याच्या फाटकाकडे निघून गेला.

नगर

मे महिन्यात ऑफिसचं पत्र आलं, पालकांना देण्यासाठी. इंग्रजीत होतं, म्हणून भाषांतराला माझ्याकडे पाठवलं. दोन्ही बाजूंनी प्रेमाचे धागे टिकून राहतील, असं एक वाक्य त्यात होतं. मी ते जसंच्या तसं मराठीत केलं आणि सोबत माझं पत्र जोडलं. त्यात बहुधा, कदाचित, असं म्हणतायत, यातलं काही नव्हतं. चर्चमध्येही उभी राहून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. आता माझ्याकडे मराठी शिकायला कोणाला पाठवत नाहीत. मारेनचा मेल येतो, मी उत्तर देते. सुलभाविषयी ती विचारते. मला ठाऊक असतं तेवढं कळवते, आणि तेवढं फारच थोडं असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुलभाचा पहिल्यांदा मेसेज आला. केंद्राची खोली रिकामी करताना तिला मारेनची एक वही सापडली होती. मधुराच्या व्यायामांची. चित्रं काढलेली, पण खालचं सगळं इंग्रजीत. तिने एका पानाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘वाचून लिवून धाडा.’ बाकी एक अक्षर नाही.

मी पान मराठीत उतरवून पाठवलं. दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला : ‘पुढचा पान.’ मग रोज एक. कशी आहेस, मधुरा कशी आहे, असं मी दोनदा विचारून पाहिलं. उत्तराला पुढचं पान आलं. मग विचारायचं सोडलं.

परवा शेवटचं पान आलं. त्यावर मारेनने जूनसाठी लिहून ठेवलं होतं : आता बांबू सोडून दोन पावलं. एकाने मागून कमरेला धरावं. दुसऱ्याने दोन हात पसरून समोर उभं राहावं आणि तिला बोलवावं. समोर माणूस नसेल तर करू नये.

मी ते नीट मराठीत लिहून पाठवलं. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला. सुरेश पाळीवर असतो, सासूबाईंना मधुराचा भार पेलवणार नाही, हे मला त्या घरी राहून ठाऊक होतं.

‘मागून मी धरतेय,’ तिने लिहिलं होतं. ‘समोर कोन?’

मी फोन हातात धरून बसले. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असतीलच.